ऐंशी रुपयांची पत

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. त्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार झाली आणि ती भुलेश्वरमधल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने विकायला घेतली. भांडवल होतं ऐंशी रुपयांचं. ते समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसनं घेतलेलं होतं. पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या नावाने वाढलेल्या संस्थेची ही सुरुवात अनेकदा सांगितली जाते आणि ती बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण व्यापाराच्या इतिहासाच्या दृष्टीने या गोष्टीत त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न दडलेला आहे. या सात जणींपैकी कुणाच्या नावावर दुकान नव्हतं की पेढी नव्हती, मग उसने देणाऱ्याने आणि माल घेणाऱ्याने विश्वास कशावर ठेवला? बाजारात या विश्वासाला आपण ‘पत’ म्हणतो. स्त्रियांच्या हाती कारभार असलेल्या संस्थांशी सावकार, दुकानदार, वितरक आणि बँका यांचे व्यवहार कसे जुळले, याचा मागोवा घेतला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांनी पत असल्याचा पुरावा जमिनीच्या उताऱ्यात आणि नवऱ्याच्या सहीत शोधला, त्यांना या स्त्रियांशी व्यवहार करताच आला नाही. ज्यांनी तो रोजच्या हिशोबात शोधला, त्यांचे संबंध टिकले.

स्त्रीला पत नव्हती याचं कारण तिच्या स्वभावात किंवा कौशल्यात शोधण्याची गरज नाही, ते कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. हिंदू स्त्रीचा स्त्रीधनावरचा हक्क शास्त्राने मानला होता, पण ते धन म्हणजे मुख्यतः दागिने, आणि अडीनडीला ते मोडायचे किंवा गहाण टाकायचे ते घरासाठी. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला, मात्र तो मर्यादित हक्क होता. ती मिळकत तिने वापरायची, पण विकायची किंवा गहाण टाकायची झाल्यास त्यामागे कायद्याला मान्य होईल अशी निकड असावी लागे. याचा अर्थ व्यापाराच्या भाषेत फार कडक होता. अशा स्त्रीला कर्ज देणाऱ्या सावकाराला ती वारल्यानंतर तिच्या नवऱ्याच्या वारसांसमोर कोर्टात उभं राहून ती निकड खरी होती हे सिद्ध करावं लागण्याची भीती असे. शहाणा सावकार एवढी जोखीम कशाला घेईल? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने हा मर्यादित हक्क संपवला आणि स्त्रीच्या ताब्यातली मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची ठरवली. तरीही वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची सहहिस्सेदार व्हायला महाराष्ट्रात १९९४ साल उजाडावं लागलं आणि देशभर २००५. म्हणजे ज्या काळात लाखो पुरुषांनी घर किंवा शेत तारण ठेवून धंदा उभा केला, त्या काळात बहुसंख्य स्त्रियांकडे तारण ठेवायला काहीच नव्हतं. बाजार जिला ‘स्त्रियांची पत नाही’ म्हणत होता, ती वस्तुस्थिती बाजाराने तपासून काढलेली नव्हती, कायद्याने आधीच ठरवून दिलेली होती.

या काळात मोठ्या उद्योगांच्या शिखरावर स्त्रिया अगदीच नव्हत्या असं नाही. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा कारभार पाहणाऱ्या सुमती मोरारजी १९५६ मध्ये भारतीय जहाजमालकांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. एखाद्या देशाच्या जहाजमालकांनी आपलं नेतृत्व एका स्त्रीकडे सोपवणं ही तेव्हा जगातही नवलाची गोष्ट होती. त्यांची कर्तबगारी निर्विवाद आहे. पण बाजाराशी त्यांची पहिली ओळख झाली ती सिंदियाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नरोत्तम मोरारजींच्या घरातली सून म्हणून. बँका, सरकार आणि परदेशी कंपन्या त्यांच्याशी बोलायला बसल्या तेव्हा घराण्याची पत टेबलावर आधीपासून होती, आणि त्या पतीवर त्यांनी स्वतःचं काम रचलं. त्याच १९५६ साली उत्तराधिकाराचा कायदा आला आणि तीनच वर्षांनी गिरगावातल्या गच्चीवर ते चार पाकिटांचं काम सुरू झालं. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट होतो. घराण्याच्या पतीची वाट फार थोड्या जणींना खुली होती. कायद्याने दिलेल्या मालकीची वाट कागदावर खुली झाली होती, पण तिथून घरातल्या बाईच्या हातात मिळकत यायला दोन पिढ्या लागणार होत्या. राहिली तिसरी वाट, व्यवहारातून पत कमावण्याची, आणि बहुसंख्य स्त्रियांच्या व्यापाराचा खरा इतिहास याच वाटेवर घडला.

ती वाट कशी बांधली गेली हे लिज्जतच्या पहिल्या वर्षांत तपशिलाने पाहता येतं. सुरुवातीला या स्त्रिया दोन प्रतीचे पापड करत, एक चांगल्या प्रतीचा आणि एक स्वस्त, हलक्या प्रतीचा. पारेख यांनी त्यांना हलकी प्रत बंद करायला सांगितली. एकच प्रत ठेवा, तिच्यात तडजोड करू नका आणि धंद्यासारखे चोख हिशोब लिहा, हा त्यांचा सल्ला होता. यातला हिशोबाचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्या कामाला सगळे ‘घरबसल्या जोडधंदा’ म्हणणार होते, त्याला पहिल्या दिवसापासून पेढीची शिस्त लागली. दुसरा निर्णय असा की देणगी घ्यायची नाही, तोटा आला तरी नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या पावसाळ्याआधी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला, खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला आणि काम चालू ठेवलं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली होती. रक्कम लहान आहे, पण ज्या दुकानदाराला दर वेळी एकाच चवीचा माल मिळाला, त्याच्या दृष्टीने त्या आकड्याचा अर्थ मोठा होता. कुणाकडून माल घ्यायचा हे दुकानदार ठरवतो ते पुरवठा नेमाने येतो का आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं का, या दोन कसोट्यांवर. लाटणारी कोण आहे याच्याशी त्या कसोट्यांचा काही संबंध नाही.

पुढे संस्था वाढली तशी ही शिस्त पक्की झाली. केंद्रावर पीठ मळून तयार व्हायचं, ‘बहिणीं’नी, म्हणजे सभासद स्त्रियांनी, ते घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, ते तपासून घेतले जायचे आणि लाटण्याची मजुरी हाती पडायची. रोज मजुरी द्यायची तर रोज पैसा आत यायला हवा, म्हणून वितरकाशीही उधारी ठेवायची नाही, माल उचलायचा तर रोख, अशी पद्धत रुळली. आपल्याकडच्या घाऊक बाजाराला ही पद्धत सरावाची नव्हती. तिथे महिना-दोन महिन्यांची उधारी हाच संबंधांचा धागा मानला जातो आणि ‘रोख द्या’ म्हणणं काहीसं उर्मटपणाचं वाटतं. लिज्जतचं उदाहरण दाखवतं की रोखीनेही घट्ट संबंध तयार होतात, फक्त त्यासाठी मालाच्या दर्जावर दोन्ही बाजूंचा भरवसा हवा. शिवाय चव सर्वत्र एकच राहावी म्हणून उडीद डाळ, हिंग, मिरी यांची खरेदी मध्यवर्ती पद्धतीने होऊ लागली, आणि तिथे पारडं उलटं झालं. ज्या बाजारात या स्त्रिया एके काळी विकत घ्याल का म्हणून पाकिटं घेऊन गेल्या होत्या, त्याच बाजारातले डाळीचे आणि मसाल्याचे व्यापारी आता मोठ्या खरेदीसाठी त्यांच्यासमोर भाव घेऊन येऊ लागले. ४०,००० हून अधिक बहिणींच्या वतीने जी समिती खरेदी ठरवते, तिच्यात फक्त बहिणीच असतात. पुरुष तिथे पगारी नोकर म्हणून काम करतात, सभासद होऊ शकत नाहीत.

इथे एक आक्षेप सरळ समोर येतो. पारेख यांच्यासारखा प्रतिष्ठित पुरुष पाठीशी नसता आणि १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने मान्यता देऊन खेळतं भांडवल आणि करसवलती दिल्या नसत्या, तर ही संस्था इतकी वाढली असती का? कदाचित नसती. पण या मदतीचं स्वरूप आणि क्रम दोन्ही पाहायला हवेत. पारेख यांनी दिलेले ऐंशी रुपये परतफेडीच्या बोलीवर होते, आणि सोबत त्यांनी हिशोबाचा आग्रह धरला. दान दिलं असतं तर आग्रह धरण्याचं कारणच उरलं नसतं. दान घेणाऱ्याला कुणी रोजमेळ विचारत नाही, तो कर्जदाराला विचारला जातो. म्हणजे त्यांनी या स्त्रियांना पहिल्या दिवशी सन्मानाने कर्जदार मानलं. आणि आयोगाची मान्यता आली तेव्हा सात वर्षांची विक्री वह्यांमध्ये नोंदलेली होती. पुरुषांच्या उद्योगांनाही पहिलं भांडवल कुठून तरी मिळालंच आहे, बहुधा सासरे, मामा किंवा जातीतल्या पेढीकडून, आणि त्या मदतीमुळे त्यांची पत खोटी ठरत नाही. मदत मिळाली की नाही यापेक्षा ती कोणत्या नात्याने मिळाली हा प्रश्न व्यापारात मोठा असतो.

कर्जदार म्हणूनही न मोजल्या जाणाऱ्या स्त्रिया याच शहरात, गिरगावापासून थोड्याच अंतरावर राहत होत्या. परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींमध्ये कोकण आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून राहत. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खानावळी चालवत त्या स्त्रिया. कामगार महिनाभर जेवायचा आणि पगाराच्या दिवशी हिशोब चुकता करायचा. खानावळवालीला मात्र तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल महिनाभर आधीच लागायचं, आणि ते किराणा दुकानातून उधारीने किंवा सावकाराच्या कर्जावर यायचं, कधी घरातली भांडी गहाण ठेवून. नीट पाहिलं तर ही बाई स्वतःच एक छोटी पेढी होती. दहा-पंधरा कामगारांना ती महिन्याची उधारी देत होती, कोण पगार झाल्यावर पैसे देईल आणि कोण टाळेल याचा तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. तरीही तिला कर्ज देताना जग तिला अनपढ बाई समजत होतं. १९७४ च्या सुरुवातीच्या गिरणी संपात पगार थांबले तरी या स्त्रियांनी कामगारांना जेवू घातलं. कामगार चळवळीत काम करणाऱ्या, मूळ गोव्याच्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं आणि संपाच्या इतिहासात न येणारी ही बाजू त्यांच्या लक्षात राहिली. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यामुळे लहान कर्जदारांपर्यंत पोचणं हे बँकांचं कर्तव्य ठरलं होतं. मंडळाने त्या कर्तव्याला वाट दाखवली आणि एकमेकींची हमी घेणाऱ्या गटांना बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. इथेही तारणाच्या जागी आलं ते रोजच्या व्यवहाराचं ज्ञान. शेजारची खानावळ कशी चालते हे शेजारणीला बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं.

बँकांचे अधिकारी मात्र जुन्या पुराव्यांपासून सहजासहजी हलले नाहीत, आणि त्यांना हलवण्याची पद्धत स्त्रियांनीच शोधून काढली. १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या ४,००० सभासद स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक उभी केली. सही करता न येणाऱ्या बायकांची बँक कशी चालणार, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला. स्त्रिया रात्रभर बसून आपलं नाव लिहायला शिकल्या, आणि पुढे खातेदाराची ओळख पटावी म्हणून पासबुकावर तिचा फोटो लावला गेला. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला तोच प्रश्न वीस-बावीस वर्षांनी पुन्हा आला. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने उभ्या राहणाऱ्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा अर्ज रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकू लागल्या आणि दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा अधिकाऱ्यांसमोर त्यांनी जे आव्हान ठेवलं, त्यात या लेखाचा सगळा मुद्दा सामावलेला आहे. मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो, आणि तुमचे अधिकारी यंत्रावर आकडा काढायच्या आत. १९९७ मध्ये परवाना मिळाला. या बँकेच्या मागे जी प्रेरणा होती, तिच्यात रस्त्याकडेला राहणाऱ्या एका लोहार बाईची मागणी होती. तिला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिक घ्यायचं होतं, त्यासाठी बचत करायची होती, पण इतकी लहान रक्कम घ्यायला कुठली बँक तयार नव्हती. पहिल्या दृष्टीला ती बचत फार किरकोळ वाटेल, पण पावसाआधी घराची सोय करायला पैसे बाजूला ठेवणारी बाई जे करते, तेच मोठा व्यापारी हंगामाआधी गोदाम भरताना करत असतो.

यावर काही जण असं म्हणतात की हे सगळं स्त्रियांच्या मूळच्या प्रामाणिकपणाचं फळ आहे, स्त्रिया कर्ज बुडवत नाहीत आणि म्हणून त्यांच्याशी धंदा सुरक्षित आहे. ही स्तुती मला धोक्याची वाटते. तिच्यामुळे स्त्रीला पुन्हा एकदा स्वभावाच्या चौकटीत बसवलं जातं, आणि एखाद्या स्त्रीने चूक केली की सगळ्या स्त्रियांची पत तिच्याबरोबर घसरते. लिज्जत, अन्नपूर्णा, सेवा किंवा माणदेशी यांच्यात पैसा परत आला तो रचनेमुळे. रोजचा रोख हिशोब, लहान हप्ता, एकमेकींची हमी आणि चूक झाली तर तिथल्या तिथे बोलून दाखवणारी जवळची माणसं या रचनेत होती. हीच रचना पुरुषांना दिली तर त्यांच्याकडूनही पैसा येईल. चाळीतल्या भिशीतही तेच तत्त्व काम करत होतं, आणि भिशी पुरुषही लावत. उलट, स्त्रियांच्या नावाची पाटी लावली म्हणून संबंध आपोआप तयार होत नाहीत, हेही दिसून आलं आहे. २०१३ मध्ये केंद्र सरकारने १,००० कोटी रुपयांच्या भांडवलावर भारतीय महिला बँक मुंबईत सुरू केली आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. भांडवल मोठं होतं आणि हेतूही चांगला होता, पण वर्षानुवर्षं एकाच बाजारात, एकाच गल्लीत हिशोब लिहून तयार झालेली ओळख तिच्यामागे नव्हती, आणि ती चार वर्षांत तयार होणारही नव्हती.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र दुसराच आहे. पापड लाटणं, जेवण करणं, थोडं थोडं साठवणं, हे सगळं घरातल्या स्वयंपाकघराचंच वाढवलेलं रूप आहे. यात स्त्रीला मजुरी मिळाली, पण नेतृत्व कुठे मिळालं? आणि हे काम घरात बसूनच झालं, तर समाजाने बाईला ज्या जागी बसवलं होतं ती जागा यामुळे बदलली कुठे? या आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. लाटण्याच्या मजुरीवर कुटुंब मध्यमवर्गात गेलं असं थोड्याच घरांत झालं, आणि घरकाम व कमाई या दोन्हीचा भार बऱ्याच जणींवर एकदमच पडला. पण नेतृत्व हे कामाच्या प्रकारावरून मोजू नये, निर्णय कोण घेतं यावरून मोजावं. भाव किती ठेवायचा, कुणाकडून डाळ घ्यायची, कुठला वितरक ठेवायचा, दर्जा न पाळणाऱ्या बहिणीला काय सांगायचं, हे लिज्जतमध्ये लाटणाऱ्यांपैकीच काही जणी ठरवत आल्या आहेत. १९५९ मध्ये गच्चीवर बसलेल्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याआधीच्या साठ वर्षांत दर दिवशी झालेला प्रत्येक व्यवहार हाही एक सन्मान होता आणि तो बाजाराने दिला होता.

या इतिहासाचा आजच्या व्यापाऱ्याला आणि बँकरला उपयोग आहे, आणि तो फार सोपा आहे. कंपनी कायद्याने आज ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर स्त्री असणं बंधनकारक केलं आहे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या शिखरावर स्त्रिया बसून गेल्या आहेत. पण बाजारातला जुना रिवाज अजून पूर्ण गेलेला नाही. स्त्री उद्योजकाने कर्ज मागितलं की ‘तुमचे मिस्टर सही करतील ना?’ असं विचारलं जातं, आणि तिच्याशी भाव ठरवायला बसलेला माणूस नकळत तिच्या शेजारच्या पुरुषाकडे पाहून बोलतो. या सवयीवर सौजन्य हा पूर्ण उपाय नाही. तिच्याकडे सूट मागू नका आणि तिला सूट देऊ नका, तिच्या वह्या पुरुषाच्या वह्यांइतक्याच बारकाईने पाहा, तिला पैसे वेळेवर द्या आणि तिच्याकडूनही वेळेवर मागा. छगनलाल पारेख यांनी १९५९ मध्ये हेच केलं होतं. कर्ज म्हणून दिलेल्या त्या ऐंशी रुपयांबरोबर हिशोबाची वही मागितली गेली, आणि ती वही पुढे भुलेश्वरच्या व्यापाऱ्यापासून डाळीच्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचली. तिच्यात जे लिहिलेलं होतं, त्यालाच त्यांनी पत मानलं.